दोनशे चौदा नंबरचा रुमाल

सत्यनारायणाच्या चौरंगावर माझा रुमाल अंथरलेला होता.

रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे. सरकारी कचेरीत जुने कागद ज्या चौकोनी कापडात बांधून ठेवतात, त्यालाही रुमालच म्हणतात. हा लाल, जाडाभरडा, चांगला सव्वा मीटर लांब-रुंद होता. मधोमध जोड दिलेला आणि एका कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याने आकडा भरलेला, २१४. तो कोपरा चौरंगाच्या पुढच्या बाजूला लोंबत होता. वर तांदूळ, तांदळावर कलश, चारी बाजूंना केळीचे खांब, आणि समोर पाटावर उपअभियंता वाळिंबे साहेब सोवळं नेसून सपत्नीक बसलेले.

मी दारातच थबकले. आपल्या हातची शिलाई कुणी विसरत नाही. त्या जोडावरची टीप डाव्या टोकाला जरा वाकडी गेली होती. तेव्हा उसवून नीट करावी असं मनात आलं होतं, पण कापड सरकारचं आणि वेळ माझा, म्हणून तशीच सोडली होती.

तो दिवस २६ जानेवारी २०१०. तालुक्याच्या पाणीपुरवठा कचेरीत झेंडावंदन झालं की दरवर्षी सत्यनारायण घालतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी पूजेला आलेच नव्हते. मी आले होते माझ्या नवऱ्याच्या अपघाताचे कागद बघायला. ते कागद ‘आढळून येत नाहीत’ असं याच कचेरीने मला सही-शिक्क्यानिशी कळवलं होतं.

आता थोडं मागचं सांगते.

आमचं गाव उंबरमाळ. आमचे हे ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होते. त्यांचं नाव मी तोंडाने घेत नसे. आमच्यात तशी रीत नव्हती. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच, तेही करवल्यांनी वाट अडवली म्हणून. रोज सकाळी टाकीच्या शिडीने वर चढायचं, पाण्यात पावडर टाकायची, खाली येऊन वाडीवाडीची चावी फिरवायची, हा त्यांचा नेम. २००३ साली दिवाळीला नऊ दिवस असताना सकाळी साडेसहाला ते चढले आणि चाळीस फुटांवरून खाली आले.

मी तेव्हा मशीनवर होते. दिवाळीचे दिवस, झंपर-परकरांचा ढीग पडलेला. निरोप आला तेव्हा माझ्या तोंडात दोऱ्याचं टोक होतं.

गावाने तेराव्यापर्यंतसुद्धा दम धरला नाही. सकाळीच टाकली असणार, म्हणाले. तालुक्याच्या याच कचेरीतून ग्रामपंचायतीला पत्र आलं, ते ग्रामसेवकाने ग्रामसभेत वाचून दाखवलं. अपघात कर्मचाऱ्याच्या बेसावधपणामुळे झाला, एवढंच त्यात होतं. बेसावध कशाने, ते गावाने आपल्या मनाने भरलं. पुढे आमच्या घराची ओळख झाली ती तीच. दारुड्याचं घर. माझी उज्ज्वला तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेतून आली आणि दप्तर न काढताच विचारलं, “आई, आबा त्या दिवशी प्याले होते का गं?”

मी म्हणाले, “हातपाय धू. जेवून घे.”

कारण मला उत्तर माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू? त्यांनी कधी घेतलीच नाही अशी शपथ मला घेता येत नव्हती. शिमग्याला घ्यायचे. वरातीत कुणी आग्रह केला तर घ्यायचे. लोकांशी मी कडाकडा भांडत होते, पण अंथरुणाला पाठ टेकली की तोच प्रश्न मलाही छळायचा. असतील का प्याले? मला त्या माणसाचा संशय यायचा, आणि संशय येतो याची लाज वाटायची. ती सहा वर्षं कशी गेली ते माझं मला ठाऊक.

मध्ये २००७ साली आमच्या बचत गटाला या कचेरीचं काम मिळालं. जुने कागद वर्गवारीने लावायची मोहीम निघाली होती, त्यासाठी चारशे रुमाल शिवायचे होते. गटात मशीन माझं, म्हणून काम माझ्याकडे आलं. रेकॉर्डची खोली सांभाळणारे मुलाणी भाऊसाहेब निवृत्तीला आलेले, पान खाणारे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला रंग समजावून सांगितले. पांढऱ्या रुमालातले कागद वर्षभरात फाडायचे, पिवळ्यातले आणि हिरव्यातले ठरलेली वर्षं ठेवायचे, आणि लाल रुमालातले कधीच फाडायचे नाहीत.

शेवटची खेप द्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, “हौसाबाई, एक रुमाल जरा मोठा शिवा. सव्वा मीटर. ह्यात नकाशे हायत, साध्या रुमालात मावंनात.”

“कशाचं नकाशे, भाऊसाहेब?”

“उंबरमाळच्या टाकीचं. माणूस पडला न्हवं का, त्याची चौकशी झालीती. लाल कापडच घ्या, ह्ये कायम ठेवायचं दप्तर हाय. आन् कोपऱ्यात दोनशे चौदा आकडा दोऱ्यानं भरा, शाई उडून जाती.”

मी पिशवीतून टेप काढली आणि परत ठेवली. चार वर्षं झाली होती. चौकशी झाली हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, “भाऊसाहेब, तो माणूस माझा मालक.”

त्यांनी पान थुंकलं नाही, गिळलं. “मला दाखवता येत न्हाई, बाई,” ते म्हणाले. “माझी नोकरी हाय. पर भाईर व्हरांड्यात भिंतीवर एक पाटी हाय. ती जाताना वाचा. सगळी वाचा.”

पाटी निळी होती, माहितीचा अधिकार, आणि खाली अर्ज कुणाकडे द्यायचा, किती दिवसांत उत्तर मिळायला पाहिजे, नाही मिळालं तर अपील कुणाकडे. मी उभ्याने दोनदा वाचली. घरी येऊन लाल रुमाल शिवला, कापडाचा पन्हा कमी होता म्हणून मधोमध जोड दिला आणि आकडा भरला.

अर्ज करायला मात्र मला दोन वर्षं लागली. मुलाणी भाऊसाहेब तोवर निवृत्त होऊन गेले. भीती कचेरीची नव्हती. कागदात काय निघेल याची होती. उज्ज्वला दहावीला गेली आणि वर्गातल्या कुणीतरी पुन्हा तोच शब्द तिला ऐकवला, तेव्हा मी वहीचा कागद फाडला आणि अर्ज लिहायला बसले. निघेल ते निघेल म्हटलं.

दीड महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं. ‘सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.’ मी उत्तर घेऊन कचेरीत गेले. तिथले मोठे कारकून कणसे. कपाळाला बुक्का, खिशाला तीन पेनं, बोलणं लोण्यासारखं.

“जुना रेकॉर्ड आहे हो बाई. उंदरांनी खाल्ला असेल.”

“लाल रुमालात हाय तो. नंबर दोनशे चौदा.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मीच शिवलाय.”

कणसे खुर्चीत मागे रेलून हसले. शेजारच्या टेबलांकडे बघून म्हणाले, “ऐकलंत का? बाईंनी शिवलाय!” मग माझ्याकडे वळले. “असं करतो, रुमाल सापडला की लगेच कळवतो.”

मी अपील केलं. जिल्ह्याच्या गावी सुनावणी झाली. तिथल्या साहेबांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी म्हणाले, हौसाबाई शेवाळे. मधलं नाव, त्यांनी विचारलं. मी अर्ज पुढे सरकवला आणि त्यावर बोट ठेवलं. साहेब जरा हसले, पण काम चोख केलं. पुन्हा शोध घ्या आणि बाईंना तारीख देऊन प्रत्यक्ष बघू द्या, असा आदेश दिला. पुन्हा शोध घेऊनही पुन्हा तीच ओळ आली, आढळून येत नाही. पण आदेश होता, म्हणून तारीखही द्यावी लागली. ‘उपलब्ध अभिलेखाच्या अवलोकनासाठी दि. २६/०१/२०१० रोजी सकाळी ११ वाजता कार्यालयात उपस्थित राहावे.’ खाली वाळिंबे साहेबांची सही.

उज्ज्वलाने कॅलेंडर बघितलं. “आई, सव्वीस जानेवारीला सुट्टी असते. त्यांनी मुद्दाम दिलीय.”

“दिली तर दिली.”

“कुलूप असेल तिथं.”

“मग कुलूप बघून येईन. पण बाई तारखेला आल्या न्हाईत असं लिहायला त्यांना जागा ठेवणार न्हाई.”

अशी मी त्या दारात उभी होते. आणि कुलूप नव्हतं. कचेरी माणसांनी भरलेली, उदबत्तीचा वास, स्पीकरवर भटजींचा आवाज. कणशांनी माझी चेष्टा करायला सुट्टीचा दिवस निवडला, आणि त्या दिवशी आपल्याच कचेरीत पूजा असते हे ते ऐन वेळी साफ विसरले. किंवा लक्षात असेलही. पूजेच्या घरात येऊन बाई तंटा करणार नाही, असा त्यांचा हिशेब असेल.

तो हिशेब अर्धा बरोबर होता. देवाच्या कामात मी आडवी आले नाही. चपला काढल्या, बायकांच्या मागे सतरंजीवर बसले आणि पाचही अध्याय ऐकले. खोटं बोलणाऱ्याची काय गत होते ते भटजी खड्या आवाजात सांगत होते, आणि कणसे पहिल्या रांगेत हात जोडून माना डोलावत होते. मला एकदा हसू फुटलं, ते मी पदरात दाबलं. आरती झाली, मीही टाळ्या वाजवल्या. लोक तीर्थप्रसादाला उठायला लागले तेव्हा मी पुढे गेले, देवाला नमस्कार केला आणि वाळिंबे साहेबांच्या समोर उभी राहिले.

“साहेब, मी उंबरमाळची हौसाबाई शेवाळे. तुमी मला आज अकराची तारीख दिलीय.”

साहेबांना काही उमजेना. ते सहा महिन्यांपूर्वीच बदलून आलेले, कणसे पुढे करतील त्या कागदावर सही करणारे. त्यांनी कणशांकडे बघितलं.

कणसे लगबगीने पुढे आले. “बाई, आज सुट्टी आहे. पूजा आहे. प्रसाद घ्या आणि उद्या या.”

“सुट्टीचा दिवस मी न्हाई निवडला. ह्ये तुमचं पत्र. तारीख वाचा.”

“चुकून पडली असेल तारीख.”

“बरं, चुकून. मग दुसरं इचारते.” मी चौरंगाकडे हात केला. “तुमी म्हणाला हुता, रुमाल सापडला की कळवतो. ह्यो काय मग?”

आता सगळे थांबले. प्रसादाचे द्रोण हातातच राहिले. कणशांनी चौरंगाकडे बघितलं आणि त्यांची नजर त्या लोंबत्या कोपऱ्यावर गेली. इतका वेळ पहिल्या रांगेत बसून त्यांना तो दिसला नव्हता.

“लाल कापड आहे ते,” ते म्हणाले. “लाल कापड काय एकच असतं होय?”

“कोपऱ्यात दोनशे चौदा भरलाय. पिवळ्या दोऱ्यानं. मधी जोड हाय आन् डाव्या बाजूला टीप वाकडी गेलीय. तांदूळ बाजूला सारून बघा.”

तांदूळ सारायला कुणी पुढे झालं नाही. तेवढ्यात प्रसादाचं पातेलं घेऊन आलेले शिपाई रंगनाथतात्या आपणहून बोलले. साधा माणूस. आपल्यामुळे काहीतरी चुकलं असं त्यांना वाटलं.

“साहेब, म्या आणला त्यो रुमाल. चौरंगाचं कापड वहिनीसाहेब घरी इसरल्या, आन् भटजी खोळंबलं हुतं. कणसे साहेबांच्या टेबलामागच्या कपाटात सगळ्यात मोठं लाल कापड त्येच. चावी खिळ्यालाच असती. गठ्ठ्यावरनं सोडलं, झटकलं आन् आणलं. कागद हायत की तिथंच. सुतळीनं बांधून ठिवल्यात. एक बी हलला न्हाई.”

तात्यांना वाटलं, आता साहेब शाबासकी देतील.

कणशांचा चेहरा पार उतरला. “रंगनाथ, तू मूर्ख आहेस का?” ते हळूच म्हणाले, पण माइक चालू होता.

“मूर्ख कशानं?” मी म्हणाले. “उंदरांनी खाल्लेलं त्यांनी एका झटक्यात शोधून काढलं.”

कुणीतरी मागे फिसकन हसलं. वाळिंबे साहेब सोवळ्यात उभे होते, खांद्यावरचं उपरणं सावरत. त्यांची पत्नी शेजारी होती. आता त्यांनी हातातली पळी ताम्हनात ठेवली. “अहो, दाखवा की त्यांना,” त्या म्हणाल्या. “देवासमोर सांगितलंय तात्यांनी.”

“नियमानं आज...” कणसे बोलू लागले.

“नियमानं तुमी लेखी तारीख दिलीया,” मी म्हणाले. “मी आलेय. अकराचं साडेबारा झालं. आता कागद बघितल्याशिवाय मी ह्या सतरंजीवरनं उठत न्हाई. पूजा झाली, आता सतरंजी मोकळीच हाय.” आणि मी खाली बसले.

गठ्ठा आला. रंगनाथतात्यांनीच आणला, दोन्ही हातांवर धरून. सुतळी सोडली. वर नकाशे, खाली टाइप केलेली पानं, त्याच्या खाली हाताने लिहिलेले कागद. मी कागद मांडीवर घेतले. इथून मागे फिरता येणार नव्हतं. आत ‘मद्यप्राशन’ असा शब्द निघाला तर तो मला माझ्या तोंडाने या सगळ्यांसमोर वाचावा लागणार होता आणि घरी जाऊन पोरीला सांगावा लागणार होता. मी चष्मा लावला आणि वाचायला लागले.

“मनातल्या मनात वाचा,” कणसे म्हणाले.

“मला न्हाई येत मनात वाचायला. सातवी शिकलेय. गुरुजींनी मोठ्यानंच वाचायला शिकिवलंय.”

पहिलं पान तारखांचं होतं. दुसऱ्यावर टाकीची मापं. तिसऱ्या पानावर मी आले. “‘शिडीची वरून तिसरी पायरी काँक्रीटमधून उपसून निघाली आहे. पायरीचा गज आतपर्यंत नेलेला नाही. सबब सदर काम सदोष आहे. मयताच्या कमरेस दोरी बांधलेली होती, ती तुटलेली आढळली.’”

मी थांबले. दोरी? दोरीचं मला कुणी बोललं नव्हतं. दवाखान्यातून त्यांना आणलं ते पांढऱ्या कापडात गुंडाळूनच आणलं होतं.

“‘शवविच्छेदन अहवालानुसार,’” मी पुढे वाचलं, “‘मयताच्या शरीरात मद्याचा अंश आढळून आलेला नाही.’”

ही ओळ मी पुन्हा वाचली. मग आणखी एकदा, जरा जोरात. कुणी टोकलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते मी पुसलं नाही. सहा वर्षं त्या माणसावर मीही मनातून संशय घेतला होता, आणि हा कागद तेवढाच वेळ कचेरीच्या कपाटात पडून होता, शेवटची दोन-तीन वर्षं तर माझ्याच रुमालात. मला त्या घडीला कणशांचा राग येण्याआधी माझा आला.

“‘मयत कर्मचाऱ्याने शिडीबाबत या कार्यालयास तीन लेखी अर्ज दिले होते. ते सोबत जोडले आहेत.’”

पान उलटलं आणि त्यांचं अक्षर समोर आलं. ‘र’ची शेपटी खाली लांब ओढायची त्यांची सवय. तिन्ही अर्जांवर कचेरीचा आवक शिक्का होता आणि शिक्क्यावर घेणाऱ्याची सही होती. तीन वेळा एकच सही. मी कागद वर धरला. “ही सही कुणाची हो, कणसेसाहेब?”

आवक टेबल तेव्हा कोण सांभाळत होतं ते सगळ्या कचेरीला माहीत असणार, कारण सगळ्यांनी एकाच वेळी खाली बघितलं. साहेबांनी कागद हातात घेतला, सही पाहिली, कणशांकडे पाहिलं. “तीन अर्ज आले होते, आणि ते पुढे गेलेच नाहीत?” त्यांनी विचारलं. कणसे म्हणाले की टपाल फार असायचं. एवढंच म्हणाले.

मी कागद परत मागून घेतला. तिसरा अर्ज. तारीख अपघाताच्या तीन दिवस आधीची.

“‘मा. उपअभियंता साहेब यांस. मौजे उंबरमाळ येथील टाकीची वरून तिसरी पायरी हलते, हे मी मागे दोनदा कळवले आहे. अद्याप कोणी आले नाही. पाणी बंद ठेवता येत नाही म्हणून मी कमरेला दोरी बांधून चढतो. दोरी कुजकी आहे आणि कमरेला काचते. म्हणून घरी...’”

इथे मी अडले. पुढची ओळ मला दिसत होती.

अपघाताच्या आठ दिवस आधी हे मशीनजवळ येऊन उभे राहिले होते. जाड कापडाचा, चार पदरी, कमरेला बांधायचा एक पट्टा शिवून दे म्हणाले. मला वाटलं, कंबर दुखत असेल. मी टेप टाकून माप घेतलं, छत्तीस, आणि मशीनच्या फळीवर खडूने लिहून ठेवलं. मग मी म्हणाले, एवढी दिवाळीची शिलाई उरकू द्या, नंतर शिवते. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तो आकडा मी फळीवरून कितीतरी दिवस पुसला नव्हता, पण तो पट्टा कशासाठी हवा होता हे मला त्या सतरंजीवर बसल्यावर कळलं.

“राहू द्या, बाई,” साहेबांच्या पत्नी हळूच म्हणाल्या. “मी वाचते पुढचं.”

“नको, वहिनीसाहेब. माझं हाय ते. मीच वाचणार.” मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. “‘म्हणून घरी जाड पट्टा शिवायला सांगितला आहे, तो एक-दोन दिवसांत होईल. परंतु पट्टा म्हणजे दुरुस्ती नव्हे. उद्या माझ्या जागी दुसरा कोणी चढेल, त्याला कोणती पायरी हलते हे माहीत नसेल. तरी कृपा करून माणूस पाठवावा. आपला नम्र...’”

खाली सही होती. त्याच्या खाली पूर्ण नाव, टापटीप, शाळेतल्या वहीवर लिहावं तसं. बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांतल्या निम्म्या आमच्याच भागातल्या, त्यांना रीत ठाऊक होती. आता ही थांबणार असं त्यांना वाटलं असेल.

“आत्माराम कोंडिबा शेवाळे,” मी वाचलं. मोठ्याने, गुरुजींनी शिकवलं होतं तसं. माइक अजून चालूच होता.

वाळिंबे साहेबांनी सोवळं सोडून कपडे घातले आणि टेबलावर बसून प्रत्येक पानाच्या छायाप्रतीवर शिक्का मारून सही करून दिली. सुट्टीचा दिवस होता, तरी झेरॉक्सचं मशीन चालू झालं. तोपर्यंत रंगनाथतात्यांनी पूजा उतरवून चौरंग मोकळा केला होता. मी त्यांच्याकडून रुमाल मागून घेतला, तांदळाचे दाणे झटकले आणि मूळ कागद त्यात स्वतः बांधले. चारी टोकं ओढून मी अशी गाठ मारली की ती सोडायला कणशांना दात लावावे लागले असते. गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला.

“आता लिहा,” मी म्हणाले. “लिहून दाखवा, आढळून येत न्हाई.”

प्रसाद घेतला. दोन द्रोण घेतले, एक उज्ज्वलासाठी.

घरी ती ओट्यावर वाट बघत होती. मी तिसरं पान आणि त्यांचा शेवटचा अर्ज तिच्या हातात ठेवला. तिने ती ओळ वाचली, मग अर्ज वाचला, आणि पट्ट्यापाशी आल्यावर माझ्याकडे बघितलं. “आई, तू शिवला होतास?” मी नाही म्हणून मान हलवली. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली, आणि मीही रडले.

दुसऱ्या दिवशी खळ शिजवून मी त्या सगळ्या पानांच्या प्रती टाकीच्या खांबांवर चिकटवल्या, पाण्याला येणाऱ्या प्रत्येकीला वाचता येतील अशा उंचीवर. कुणीतरी त्या फाडल्या. मी पुन्हा लावल्या. चार वेळा फाडल्या, पाच वेळा लावल्या, मग फाडणारा कंटाळला. कणशांची पुढे चौकशी लागली आणि बदली झाली. त्यांचं नंतर काय झालं ते मला माहीत नाही, आणि मी विचारायलाही गेले नाही. शिडी मात्र नवी बसली. गज किती आत घातलेत ते कामाच्या कागदांत मी बघून आले. त्यासाठीही अर्ज केला होता. या वेळी उत्तर अकरा दिवसांत आलं.

नवी शिडी बसली त्या आठवड्यात मी पट्टा शिवला. जाड ताडपत्रीचा, चार पदरी, मधून तीन टिपा, दोन्ही टोकांना लांब बंद. माप टाकायला टेप लागली नाही. तो घेऊन मी टाकीवर गेले. आता पाणी सोडायला लहू नावाचा बारीक अंगाचा माणूस होता. त्याने पट्टा कमरेला लावून बघितला आणि हसला.

“वैनी, लै सैल हुतोय की.”

“असू दे सैल,” मी म्हणाले. “बंदाचे दोन वेढे घे, आन् मग चढ.”